मशीन चालू ठेव

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी हे वाच आणि फाडून टाक, कारण आईच्या हाती लागलं तर मला घरात तोंड दाखवायची सोय उरणार नाही. फोनवर हे बोलता येत नाही. पुढे दुकान, मागे खोली आणि मध्ये एक पडदा, एवढंच आपलं घर. मी दुकानात कुजबुजलो तरी आई आतून विचारते, "काय रे?" म्हणून कागद घेऊन बसलोय.

आईला घरी आणून नऊ दिवस झाले. खुब्याचं हाड बसवलंय, पण हाड म्हातारं. आतला स्क्रू नीट धरेपर्यंत सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे सगळं खाटेवर. सगळं म्हणजे सगळं.

त्यासाठी एक बाई लावली होती. कामाला वाघीण, पण फाटक्या तोंडाची. आली की, "चला आजी, उरका बघू, मला अजून तीन घरं आहेत," म्हणत चादर ओढायची. पडदा उघडाच. इकडे माझ्यासमोर माप द्यायला गिऱ्हाईक उभं. चौथ्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "उद्यापासून ती नको."

"मग कोण?" मी विचारलं. ती भिंतीकडे बघायला लागली. म्हणजे मीच. घरात तिसरं आहे कोण?

अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा मी, पण ते स्टीलचं बेडपॅन हातात घेऊन पडद्याशी उभा राहिलो तर पाय हलेनात. शेवटी डोळे मिटले आणि आत शिरलो. डोळे मिटले म्हणून स्टुलावर आदळलो, पॅन खाली पडलं, आणि असा आवाज झाला की समोरच्या बेकरीवाल्या काकू धावत आल्या. आई हसली नाही. मीही नाही. आज लिहिताना येतंय हसू.

आता जमवतो माझ्या परीने. मान फिरवतो, श्वास रोखतो, भराभर आटपतो. तिला अवघड वाटू नये म्हणून हवापाण्याच्या गप्पा मारत राहतो.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे तिला फार वेळा लागत नाही. दिवसातून दोनदा, कधी एकदाच. पण भूक पार मेलीये. चहासुद्धा अर्धा कप ठेवून देते. गोळ्यांचा परिणाम असणार. तू पंधरा तारखेला येतेस ना? आईने दोनदा विचारलं.

तुझा
बारक्या

९ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र फाडलं नाही. तीनदा वाचलं.

दिवसातून एकदाच लागतं हे तुला "बरं" वाटलं, ते वाचून मी कपाळाला हात लावला. उद्या सकाळी तिच्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेव आणि संध्याकाळी किती उरलं ते बघ. भरलेलाच असेल. अरे वेड्या, तिची भूक मेलेली नाही. तिने पाणी तोडलंय. आत काही गेलं नाही तर बाहेर काढायला लेकाला हाक मारावी लागणार नाही, एवढंच तिच्या मनात आहे. अठ्ठावीस वर्षं वॉर्डात काढली मी. अशा किती आया पाहिल्या. लघवी गडद झाली, अंग तापलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव. थांबू नकोस.

आम्ही शिकायला होतो तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टरनी आम्हा सगळ्याजणींना एकेक करून खाटेवर झोपवलं, अंगावरच्या कपड्यांसकट. खाली थंडगार पॅन सरकवलं आणि पडदा न ओढता निघून गेल्या. दहा मिनिटं. येणारे-जाणारे बघून जात होते. परत आल्यावर विचारलं, "थंडी जास्त वाजली की लाज?" आम्ही म्हणालो, लाज. "मग झालं शिकून," म्हणाल्या. "बाकीचं पुस्तकात आहे."

पुस्तकातलं सांगते. आत जाण्याआधी पडद्याबाहेरून विचार, "येऊ का?" आणि ती हो म्हणेपर्यंत थांब. पॅन कोमट पाण्याने विसळून पुसून घे, कडेला थोडी पावडर लाव, म्हणजे कातडीला चिकटत नाही. तळाला कागद टाक, आवाज होत नाही. चादर कधीही ओढून काढू नकोस. चादरीच्या आतूनच कपडा वर सरकव. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी राहू दे, दुखरा पाय वळू देऊ नकोस, चांगल्या पायावर जोर देऊन तिला जेवढं उचलता येईल तेवढं तिलाच उचलू दे. पॅन नीट बसलं की पाठीशी उशी लावून जरा उंच कर. आडवं झोपून कुणाला होतं का रे? मग तिथून नीघ. पाणी भरलेला मग तिच्या हाताशी ठेव. जिथवर तिचा हात पोचतो तिथवर तीच धुवेल, उरलेलं तू, पुढून मागे, सावकाश. शेवटी तिच्या हातावर साबण-पाणी घाल.

आणि त्या हवापाण्याच्या गप्पा बंद कर. नाक दाबून गप्पा मारणारा माणूस कसा दिसतो ते आरशात बघ एकदा.

पंधराला येते.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी आईला ताप भरला. डॉक्टर घरी आले. लघवीत जंतू झालेत म्हणाले. "पाणी किती पितात?" त्यांनी विचारलं, तर मी चहाचा अर्धा कप सांगितला. औषध सुरू आहे, ताप कालपासून उतरलाय, घाबरू नकोस.

तांब्याची परीक्षा घेतली. संध्याकाळी भरलेलाच. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसलो.

"आई, पाणी का पीत नाहीस?"

"तहान नाही."

"ताई म्हणते..."

"ताईला तिथे बसून काय दिसतं?"

मग म्हणाली, "त्या दिवशी काकूंना काय सांगितलंस तू?"

हे मी तुला लिहिलं नव्हतं. काकू पाव घेऊन आल्या होत्या. "कशी आहे तब्येत?" म्हणाल्या, तर मी आनंदाने सांगितलं, आज चार दिवसांनी पोट साफ झालं, सगळी चादर बदलावी लागली. दुकानात तेव्हा मायलेकी उभ्या होत्या, माप द्यायला आलेल्या.

"त्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या फ्रॉकला बटणं मी लावली होती," आई म्हणाली. "आता मला बघितलं की तिला काय आठवेल?"

ताई, मी तिचे पाय धरले. म्हणजे चांगला पाय धरला, दुखऱ्याला हात लावायची सोय नाही. "सोड, मूर्खा," म्हणाली, पण आवाज निवळला होता. अर्धा तांब्या माझ्यासमोर प्यायली.

मी ही चूक करायला नको होती, कारण माझा धंदाच हा आहे. मी सोळा वर्षांचा असताना बाबांनी शिकवलं होतं, "नजर टेपवर, आकडा ओठात." बायका माप द्यायला उभ्या राहतात तेव्हा अंगाकडे बघायचं नाही, टेपकडे बघायचं. आणि कंबर किती भरली ते मोठ्याने बोलायचं नाही, गुपचूप वहीत लिहायचं. तीस वर्षं परक्या बायकांचा मान राखला आणि घरात आईचा आकडा भर बाजारात ओरडलो.

आता डोळे मिटत नाही. कामाकडे बघतो. उशी कुठे, चादरीची कड कुठे, पाणी कोमट आहे ना. तसं बघितलं की काही अवघड वाटत नाही.

आणि एक केलं. तिचे दोन जुने सुती गाऊन उसवून मागून पूर्ण उघडे केले, दोन्ही कडा एकीवर एक येतील अशा. वरून बघणाऱ्याला साधा गाऊन. खाली बाजूला सारला की काम झालं, अंगावरून काही काढायला नको. आईने शिवण तपासली. "डावी कड अर्धा इंच कमी घेतलीस," म्हणाली. म्हणजे ती बरी होतेय.

हाक कशी मारायची याचाही तोडगा निघाला. घंटी ठेवली तर गल्लीभर कळणार. आईनेच सुचवलं, "मी विचारेन, कात्री कुठे ठेवलीस?" गिऱ्हाइकांना वाटेल म्हातारी पडल्या पडल्यासुद्धा काम करतेय.

उद्या तू येतेस. घरात हे बोलता येणार नाही म्हणून लिहून टाकलं, परत गेल्यावर वाच. स्टेशनवर येतो.

बारक्या

२० फेब्रुवारी

बारक्या,

येऊ शकले नाही. रजा मिळाली नाही. वॉर्ड भरलाय. आई पाणी पितेय हे वाचून बरं वाटलं. गाऊनची कल्पना चांगली आहे. पाठीवर, टाचांवर कातडी लाल होतेय का ते रोज बघत जा. कधी येईन ते आत्ता सांगता येत नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं सात ओळींचं पत्र मिळालं. त्यातही एक ओळ टाचांची.

रागावून लिहितोय, रागावूनच वाच. पंधरा तारखेला मी स्टेशनवर दोन गाड्या बघितल्या, तुझा फोन बंद. आईने सकाळपासून केस विंचरून घेतले होते. वॉर्ड भरलाय म्हणतेस. तिथल्या आजारी माणसांना अठ्ठावीस वर्षं दिलीस, आईला आठ दिवस देता येत नाहीत? सल्ला द्यायला काय जातं गं? वॉर्डाचं निमित्त कशाला, तुला यायचंच नाहीये.

हे इथवर लिहिलं आणि कात्रीची हाक आली म्हणून उठलो. पण माझ्या आधी दुकानातल्या शिक्षकबाई उठल्या. पॅन्टची उंची कमी करायला आल्या होत्या. "ही काय कात्री, आजी, मी देते!" म्हणत टेबलावरची मोठी कात्री घेऊन त्या थेट पडद्याशी. मी आडवा झालो. आतून आई शांतपणे म्हणाली, "ती नव्हे हो, लहान हवी. ती फक्त त्यालाच सापडते." शिक्षकबाई मागे फिरल्या. काम झाल्यावर आम्ही दोघं तोंडात चादर कोंबून हसलो. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

हसता हसता तिने तुझं पत्र मागितलं. मी रागात होतो, म्हटलं वाच, बघ तुझी लेक. तिने चष्मा लावला आणि मजकूर वाचलाच नाही, नुसता कागद तिरका धरून बघत राहिली. मग म्हणाली, "हिने हे उताणं पडून लिहिलंय. ओळी वर चढल्यात आणि शाई मध्ये मध्ये तुटलीये. मी महिनाभर दुकानाचा हिशेब असाच लिहितेय, मला कळतं."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"विचार तिला," म्हणाली. म्हणून विचारतो. ताई, तू झोपून आहेस का?

बारक्या

२ मार्च

बारक्या,

आईपुढे कुणाचं चाललंय?

११ तारखेला एका जाडजूड आजोबांना खाटेवर सरकवताना माझ्या पाठीत कट्ट झालं. मणक्यातली चकती सरकलीये. ऑपरेशन लागणार नाही, पण तीन आठवडे सपाट पडून राहायचं. मी माझ्याच हॉस्पिटलात आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. तुम्हाला सांगितलं असतं तर आई तिकडे काळजीने उठून बसली असती. तू मात्र जे लिहिलंस ते बरोबरच लिहिलंस. मला काहीच माहीत नसतं तर मीही तेच लिहिलं असतं.

तर पॅन इथेही आलं. आणि आता तुला जे सांगते ते मला अठ्ठावीस वर्षांत कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशी माझ्याकडे जी सिस्टर आली ती बारा वर्षं माझ्या हाताखाली काम करतेय. चांगली आहे, हात हलका आहे. पण पडदा ओढताना तिची चार बोटांची फट नेहमी राहते. बारा वर्षं मी तिला त्यावरून ओरडत आलेय. त्या दिवशीही फट राहिली. समोरच्या खाटेवरच्या बाईचा नवरा सफरचंद कापत बसला होता, मला तो दिसत होता, म्हणजे त्याला मी. आणि बारक्या, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी, वॉर्डाची सिस्टर! वाटलं, ही दिवसातून सहा वेळा माझ्यासाठी येते, हिला आणखी काय सांगायचं? पुढच्या वेळी उशिरा आली तर? त्या दिवशी मीही पाणी कमी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सांगितलं तिला. ती बिचारी रडायलाच लागली. "तुम्ही नेहमी ओरडून सांगायचात ना सिस्टर, आज हळू बोललात," म्हणाली. आता पडद्याला चिमटा लावते.

सांगायचा मुद्दा असा. पडलेलं माणूस तक्रार करत नाही. त्याचा अर्थ त्याचं सगळं ठीक आहे असा नसतो. तू आता उत्तम करतोस, आई पाणी पितेय, हसतेय. पण एखादी फट राहिली असेल जी ती तुला सांगत नाही. स्वतःहून सांगणार नाही. विचार. आणि विचारून लगेच निघून जाऊ नकोस, उत्तर येईपर्यंत बस.

ताई

८ मार्च

ताई,

आधी माझे कान पकडतो. इकडून पकडले असं समज. ते पत्र फाडून टाक. हे खरंच फाड.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तरी शाळेत असल्यापासून सांगत होते, वजन उचलताना गुडघ्यात वाक." एवढ्यावर तुझी सुटका झाली असं समजू नकोस.

मग तू म्हणालीस तसं विचारलं. "आई, अजून काय राहतंय?" "काही नाही रे, छान करतोस." मी उठलो नाही. कापड घेऊन तिथेच तुरपाई करत बसलो. एक बाही झाली. दुसरी अर्धी झाली तेव्हा म्हणाली, "तू पडद्याबाहेर जातोस ना, तेव्हा मशीन थांबवतोस."

"हो. तुझी हाक ऐकू यावी म्हणून."

"तेच," ती म्हणाली. "घर असं चिडीचूप होतं. तू कान देऊन बसलायस हे मला कळतं. बाहेर गिऱ्हाईक असेल तर तेही गप्प. मग मला होत नाही. पोट दुखतं तासभर." मग तोंड भिंतीकडे करून, "मशीन चालू ठेव. नेहमीसारखं."

बघ आता. मी सगळ्यात जास्त काळजी जिथे घेत होतो, नेमकं तिथेच तिला बोचत होतं. महिनाभर ती माझ्या शांततेला घाबरत होती!

आता कात्रीची हाक आली की सगळं बसवून, पाठीला उशी देऊन बाहेर येतो आणि मशीनवर बसतो. हाताशी शिवण असेल तर शिवण, नसेल तर नुसती चिंधी घालून पाय मारतो. घरर्र घरर्र. गिऱ्हाइकाशी मोठ्याने बोलतो. काम झालं की ती खाटेच्या लोखंडी दांड्यावर बांगडी दोनदा वाजवते, तेवढा आवाज मला मशीनच्या घरघरीतूनही बरोबर येतो. चार दिवसांत पोटदुखी गेली. काल दोन वाट्या भात जेवली आणि वर विचारलं, आज गोड काही नाही का?

चिंधीचं म्हणशील तर त्या एका चिंधीवर मी इतक्या शिवणी घातल्यात की ती पुठ्ठ्यासारखी झालीये. कालच शिक्षकबाईंनी विचारलं, "हे काय शिवताय?" मी म्हटलं, ऑर्डर आहे, घाईची.

डॉक्टर पुढच्या मंगळवारी बघायला येणार आहेत. चालायला परवानगी देतील बहुधा. तुझं काय म्हणतात?

बारक्या

२१ मार्च

चि. मोठीस,

हे पत्र मी खुर्चीत बसून लिहितेय, ओळी सरळ आहेत, बघून घे.

मंगळवारी वॉकर मिळाला. तीन दिवस मी खाटेपासून पडद्यापर्यंत आणि परत, एवढाच प्रवास केला. आज सकाळी संडासापर्यंत गेले. तुझा भाऊ मागे मागे, दोन्ही हात पसरून, जणू मी पडणारा माठ आहे. त्याने तिथे भिंतीला धरायला दांडा बसवलाय आणि उंच बैठक आणलीये. दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी दार लोटलं. दोन महिन्यांनी माझ्या आणि जगाच्या मध्ये एक लाकडी दार आलं. तुला खरं सांगते, मी आत गेल्यावर आधी नुसतीच बसून राहिले. खूप बरं वाटलं. मग बाहेर त्याचे पाय दिसले दाराखालून. म्हटलं, "जा रे, दुकान उघड." तर पाय हलेनात. "गेलास का?" तर म्हणतो, "गेलो." शेवटी मी नाद सोडला. त्याचंही काही चुकत नाही.

त्याच्याबद्दल तुला एक सांगायचं आहे, त्याच्यासमोर सांगणार नाही. पहिले दहा दिवस मला वाटायचं, याच्यापेक्षा मी जिथे पडले त्या पायरीवरच संपले असते तर बरं झालं असतं. लेकाला असं काम करायला लावून जगण्यात काय अर्थ आहे? तो डोळे मिटून यायचा तेव्हा मला वाटायचं, मी इतकी बघवत नाही का. आता तो माझी उशी सरकवतो आणि वर डाव्या कडेच्या शिवणीवरून माझ्याशी वाद घालतो. वाद घालणाऱ्या माणसाला आपली कीव येत नसते. मला तेवढं पुरतं.

आता तुझं. तू लिहितेस की तुला आता उठता येतं, पट्टा लावून चार पावलं चालता येतात, पण आणखी तीन आठवडे कुणीतरी लागेल, आणि म्हणून तू हॉस्पिटलातच राहणार. का? तिथे पगारी माणसं आहेत, इथे नाहीत म्हणून? मी ओळखते तुला. आयुष्यभर दुसऱ्यांची चादर सावरलीस, आता धाकट्या भावाने तुझी सावरायची म्हटलं की तुझा जीव वर-खाली होतो. मलाही झाला होता. तू त्याला पत्रांतून शिकवलंस, तर आता तो काय शिकला ते येऊन बघ.

पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन येतोय, मागची सीट पूर्ण आडवी होते अशी. नाही म्हणू नकोस, मी गाडीवाल्याला होय म्हणून बसलेय. माझी खाट तुला. मी आता दिवाणावर झोपू शकते. तुझ्या मापाचे दोन गाऊन त्याने शिवून ठेवलेत, माप त्याने अंदाजाने घेतलंय, घट्ट झाले तर चूक तुझी.

आल्यावर पहिले दोन दिवस तुला लाज वाटेल. वाटू दे. तिसऱ्या दिवशी उशी वाकडी लावली म्हणून तू त्याच्यावर खेकसशील, तेव्हा मी समजेन की माझी लेक घरी आली.

आई